पावलांपुरती वाट

यवतमाळसारख्या गांवांत घराचें फाटक आणि ओसरी यांच्यामध्यें पंधरा-वीस पावलांची जी जागा असते, तिच्याकडे घर बांधतांना सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. भिंती उभ्या राहतात, छप्पर चढतें, रंग लागतो. आणि शेवटीं उरल्यासुरल्या सिमेंटचा एक सरळ पट्टा फाटकापासून पायरीपर्यंत ओढून दिला, कीं काम संपलें असें मानण्यांत येतें. वैशाखांत हा पट्टा इतका तापतो, कीं त्यावर अनवाणी पाय ठेववत नाहीं. आषाढांत त्याच्या खालची काळी माती फुगते, दिवाळीनंतर ती आकसते, आणि पट्ट्याला भेगा पडतात. मग एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत कोणीतरी जपानी बागेचें चित्र पुढें करतें. शेवाळावर मांडलेले दगड, बाजूस दगडी दीप, वेळूच्या नळींतून ठिबकणारें पाणी असें तें चित्र असतें. आपल्या दारींही असें असावें, ही इच्छा सहज आणि निर्दोष आहे. परंतु त्या चित्रांतील नेमकें काय घ्यावें आणि काय तेथेंच सोडून द्यावें, हा प्रश्न त्या वाटेचा इतिहास जाणल्यावांचून सुटत नाहीं.

यवतमाळ आणि जपान यांचा संबंध वाटतो तितका नवा नाहीं. १८९३ सालीं जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीनें कोबे आणि मुंबई या बंदरांच्या दरम्यान आगबोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठींच. तेव्हांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपान हें हिंदी कापसाचें फार मोठें गिऱ्हाईक होतें. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत पिकणारा आंखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांना हवा असे. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी अडीच फुटी रुळांची चिमुकली आगगाडी याच कापसाच्या गांठी मोठ्या लोहमार्गावर नेऊन घालण्यासाठीं निघाली होती. १९३३ सालीं जकातीच्या तंट्यांत जपानी गिरणीवाल्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला, आणि १९३४ च्या करारानें तो मिटला. अशा रीतीनें यवतमाळच्या मातीचें पीक दोन पिढ्या जपानांत जात होतें. आतां तेथून एखादी गोष्ट इकडे आणावयाची, तर व्यवहार जाणणाऱ्या घरानें ती पारखून घ्यावी हें योग्यच आहे.

जपानी बागेंत दगडांची पाऊलवाट आली, ती राजवाड्यांतून नव्हे, तर एका झोपडीच्या दारांतून आली. बागा त्या देशांत फार जुन्या आहेत. अकराव्या शतकांतच ‘साकुतेइकि’ हा उद्यानरचनेवरील ग्रंथ तेथें लिहिला गेला होता. पण त्या बागा तळ्यांच्या होत्या. त्या नावेंतून किंवा दिवाणखान्यांतून पाहावयाच्या असत. पायांखालच्या दगडांचा विचार सुरू झाला तो सोळाव्या शतकांत, चहाच्या विधीबरोबर. चहागृहाकडे नेणाऱ्या वाटेस आणि तिच्या भोवतालच्या लहानशा बागेस जपानी लोक ‘रोजि’ म्हणतात. या शब्दाचा वाच्यार्थ दंवानें भिजलेली भूमि. त्याचें मूळ बौद्ध ग्रंथांत, म्हणजे अखेर भारतांतच, सांपडतें. ‘सद्धर्मपुंडरीक’ या संस्कृत सूत्रांत जळत्या घराचा एक दृष्टांत आहे. घर पेटलें आहे, तरी आंतील मुलें खेळांत दंग आहेत. बाप त्यांना युक्तीनें बाहेर काढतो, आणि तीं मोकळ्या जागेवर येऊन निर्भय बसतात. कुमारजीवानें ४०६ सालीं या सूत्राचा चिनी अनुवाद केला, त्यांत त्या मोकळ्या भूमीस जो शब्द आहे तोच जपानी चहाचार्यांनीं आपल्या वाटेस दिला. म्हणजे ही वाट केवळ एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचें अंतर नव्हे. संसाराच्या धगींतून क्षणभर बाहेर येण्याची ती जागा, असा त्या नामकरणाचा आशय आहे.

आणि त्या काळीं जपानांत धग खरोखरच होती. शंभर वर्षांहून अधिक काळ सरदार सरदारांशीं लढत होते. अशा दिवसांत साकाइ या व्यापारी बंदरांत १५२२ सालीं जन्मलेला सेन नो रिक्यू हा चहाचार्य प्रथम ओदा नोबुनागा आणि पुढें तोयोतोमि हिदेयोशि या सत्ताधीशांच्या पदरीं राहिला. त्यानें चहाचें घर लहान केलें. त्याच्या चहागृहाचें दार जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंच असे, म्हणून सरदार असो वा व्यापारी, प्रत्येकास गुडघ्यांवर येऊन आंत शिरावें लागे. तरवार बाहेरच्या फळीवर ठेवावी लागे. या दाराशीं पोहोंचेपर्यंत माणसाचें मन तयार व्हावें, हें वाटेचें काम होतें. प्रथम बाहेरचें फाटक, मग थांबण्याचा बांक, मग मधलें हलकें दार, मग हात-तोंड धुण्याची ठेंगणी दगडी कुंडी. त्या कुंडीस ‘त्सुकुबाइ’ म्हणतात, कारण तिच्यापुढें वांकावेंच लागतें. १५९१ सालीं हिदेयोशीच्या आज्ञेनें रिक्यूला आत्महत्या करावी लागली. सत्ताधीशाच्या रोषापुढें चहाची शांति त्याला वांचवूं शकली नाहीं. पण त्याची वाट मात्र टिकली.

त्या वाटेवरचे सुटे दगड मुळांत सोयीसाठीं होते. मातीवर चालल्यानें पायताण चिखलानें भरे, आणि पायांखालीं सांपडून शेवाळ मरे. म्हणून पावलांपुरते दगड मांडण्यांत आले. सोयीची वस्तु सुंदर कशी करावी, यावर लवकरच मतभेदही झाला. परंपरा सांगते, कीं रिक्यूच्या मतें दगड मांडतांना सहा भाग चालण्याच्या सोयीकडे आणि चार भाग दिसण्याकडे पाहावें. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे यानें हें प्रमाण उलटें केलें आणि चार भाग सोयीला, सहा भाग शोभेला दिले. हा वाद वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु बागेची सारी विद्या त्यांत आली आहे. घरच्या वाटेला पावसांत वृद्ध माणसें, काळोखांत पाहुणे आणि कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया यांचे पाय लागावयाचे असतात. तिच्या बाबतींत रिक्यूचाच पक्ष घ्यावा, हें सांगावयास नको.

सुट्या दगडांची वाट माणसास दृष्टि खालीं ठेवून चालावयास लावते. प्रत्येक पाऊल पाहून टाकावें लागतें, म्हणून चाल आपोआप मंदावते. रचनाकार या गोष्टीचा उपयोग करून घेतो. जेथें पाहुण्यानें थांबून वर पाहावें असें त्याला वाटतें, तेथें तो एक मोठा सपाट दगड बसवतो. त्यावर दोन्ही पाय टेकतात, मान वर होते, आणि नेमकें त्याच ठिकाणीं एखादें झाड किंवा दूरची टेकडी समोर येते. जेथें वाटा फुटतात तेथेंही असाच मोठा दगड असतो. दगड एका रेषेंत न मांडतां पाळीपाळीनें डावी-उजवीकडे सरकवून, टिटवीसारख्या पक्ष्यांच्या पावलांप्रमाणें मांडण्याची रीत विशेष रूढ आहे. मनुष्य चालतोही तसाच, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आणखी एक खूण मोठी मार्मिक आहे. ज्या वाटेनें जावयाचें नाहीं तिच्या पहिल्या दगडावर दोरीनें बांधलेला एक नारळाएवढा धोंडा ठेवतात. पाटी नाहीं, कुंपण नाहीं. तो धोंडा दिसला कीं सुजाण पाहुणा दुसरीकडे वळतो.

सतराव्या शतकाच्या आरंभीं लढाया थांबल्या आणि तोकुगावा घराण्याची दीर्घ शांतता सुरू झाली. सरदारांनीं तरवारीऐवजीं कुदळी हातीं घेववल्या, आणि झोपडीच्या दारची ती लहान वाट वाढत जाऊन मोठमोठ्या फिरण्याच्या बागा तयार झाल्या. महाराष्ट्राशीं ज्या बागेचा पुढें संबंध आला ती ओकायामा येथील कोराकुएन बाग अशांपैकींच एक. तेथील अधिपति इकेदा त्सुनामासा यानें १६८७ सालीं तिचें काम सुरू करविलें. तें १७०० सालीं पूर्ण झालें. असाहि नदीच्या पात्रालगत किल्ल्यासमोर सुमारे ३३ एकरांवर ती पसरली आहे. तळें आहे, टेकडी आहे, नागमोडी फळ्यांचा पूल आहे. पण त्याबरोबर भाताचीं खांचरें आणि चहाचा मळाही आहे. १८७१ सालीं तिला ‘कोराकुएन’ हें नांव मिळालें. तें एका जुन्या चिनी वचनावरून घेतलें आहे. राज्यकर्त्यानें प्रजेच्या आधीं चिंता करावी आणि प्रजेच्या मागून सुख भोगावें, असा त्या वचनाचा भावार्थ. १८८४ सालीं ती सर्वांसाठीं खुली झाली. पुढें १९३४ सालीं महापुरानें आणि १९४५ सालीं बाँबच्या वर्षावानें तिची मोठी हानि झाली. परंतु इकेदांच्या काळांतील चित्रें आणि नकाशे जपून ठेवलेले होते. त्यांवरून ती पुन्हां जशीच्या तशी उभारण्यांत आली.

याच बागेच्या धर्तीवर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुणें महानगरपालिकेनें सिंहगड रस्त्यावर सुमारे १० एकरांचें उद्यान केलें. पुणें-ओकायामा मैत्री-उद्यान हें त्याचें एक नांव. लोकांच्या तोंडीं मात्र तें पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून आहे. ज्या लेखकानें ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनांतून जपान मराठी घराघरांत नेलें त्याचें नांव या बागेस लाभावें, हा योगही चांगला जुळला. तेथें कालव्याचें पाणी ओहळांतून खेळवलें आहे, लहान पूल आहेत, उंचसखल हिरवळ आहे, आणि त्यांतून वळत जाणाऱ्या वाटा आहेत. मुलांना घेऊन येणारीं हजारों माणसें तेथें जपानी बाग म्हणजे काय हें प्रथमच पाहतात. यवतमाळच्या घरीं जपानी वाट असावी ही इच्छाही पुष्कळदां पुण्याच्या अशा एखाद्या भेटींतच उगवते.

परंतु पुण्यास कालवा आहे. ओकायामास नदी आहे. क्योतो नगरींत वर्षाकाठीं सुमारे १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही थोडथोडा बाराही महिने. यवतमाळ जिल्ह्यांत सुमारें ९०० ते १००० मिलिमीटर पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत. मग एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, विहिरी तळाला लागतात, आणि गांवोगांव घागरी रांगेंत मांडल्या जातात. अशा वेळीं कोणी आवारांत शेवाळ जगविण्यासाठीं दोन वेळां पाणी शिंपडूं लागला किंवा शोभेचें तळें भरूं लागला, तर तें शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपल्यावांचून राहणार नाहीं, आणि तें शेवाळही जगणार नाहीं. मागून सुख भोगावें, असें ज्या बागेचें नांवच सांगतें तिचें हें अनुकरण नव्हे. ती तिची थट्टा होय. जपानी बागेंतून घेण्यासारखी वस्तु म्हणूनच एकच उरते, आणि ती म्हणजे वाट. तिला पाण्याचा थेंब लागत नाहीं.

आणि त्या वाटेस लागणारा दगड तर या जिल्ह्याचें मूळ धनच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांचाच काळा पाषाण यवतमाळच्या पठाराखालीं आहे. शिबला-पार्डीच्या परिसरांत तर तोच रस निवतांना आकसून त्याचे पैलूदार स्तंभ बनलेले आढळले आहेत. काळी माती हीही त्याच पाषाणाची झीज. जपानी कारागीर दगड दूरदेशाहून आणीत नसे. जवळच्या डोंगरांतला आणि नदीतला दगड निवडून, त्याचें तोंड कोणतें आणि पाठ कोणती हें पाहून, तो जमिनींत बसवी. तेव्हां यवतमाळच्या वाटेंत घोटींव रंगीत फरशी घालणें हें जपानी रीतीच्या विरुद्ध आहे, आणि शेताच्या बांधावरचा वरून सपाट असा काळा धोंडा बसविणें हें त्या रीतीस धरून आहे. उन्हाळ्यांत हा दगडही तापतो खरा, पण तो सलग नसतो. मधल्या मातीला आणि गवताला श्वास मिळतो, आणि कडुलिंबाची सावली त्यावर आली म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाय ठेववतो.

अडचण आहे ती मातीची. काळी जमीन पाण्यानें फुगते आणि उन्हानें फाटते, म्हणून तिच्यावर नुसता ठेवलेला दगड एका पावसाळ्यांत कलतो आणि दुसऱ्यांत बुडतो. कललेल्या दगडावरून घसरून म्हातारें माणूस पडलें, तर वाटेच्या सौंदर्यास अर्थ उरत नाहीं. म्हणून प्रथम वाटेच्या रुंदीइतकी काळी माती हातभर खोल काढून टाकावी. त्या चरांत मुरूम थराथरानें भरून, पाणी मारून, धुमसानें चोपावा. वाटेच्या एका अंगास पाणी वाहून जाण्यासाठीं लहान चारी ठेवावी, म्हणजे मुरुमाखालीं पाणी साचणार नाहीं. दगड निदान वीतभर जाड असावा. त्याचा बहुतेक भाग जमिनींत जावा, आणि वर दोन-तीन बोटांइतकाच दिसावा. असा दगड जमिनीवर ठेवलेला नव्हे, जमिनींतून उगवलेला भासतो, आणि जपानी कारागिरांची नेमकी हीच कसोटी आहे. त्याचें तोंड सपाट, पण गुळगुळीत नसावें. पावसाचें पाणी त्यावर थांबूं नये इतका अगदीं किंचित उतार असावा.

दोन दगडांचें अंतर मोजपट्टीनें ठरवूं नये. जपानांत तें पायघोळ किमोनो नेसलेल्या माणसाच्या आंखूड पावलावरून ठरलें. मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे हातभर, म्हणजे दीड फूट, असें तें येतें. गंमत अशी, कीं साडी नेसून जपून चालणाऱ्या वृद्ध स्त्रीचें पाऊलही जवळपास तितकेंच पडतें. म्हणून उत्तम युक्ति ही, कीं माती ओली असतां घरांतील सर्वांत वडील माणसास फाटकापासून ओसरीपर्यंत आपल्या नेहमींच्या चालीनें चालावयास सांगावें, आणि जेथें पावलें उमटतील तेथेंच दगड बसवावे. तरुणांस तीं जवळ वाटतील, पण त्यांनीं हळू चालावें हाच वाटेचा हेतु आहे. ज्या घरीं कोणी काठी टेकून किंवा चाकांच्या खुर्चींतून येतें, तेथें सुट्या दगडांचा हट्ट नसावा. लहानमोठे दगड घट्ट जुळवून केलेली सलग पट्टी जपानांतही आहे, आणि ‘नोबेदान’ या नांवानें ती तितकीच प्रतिष्ठित आहे.

वळण एकच पुरे. पंधरा पावलांत चार वळणें घेतलीं, तर पाहुणा कंटाळून गवतांतून सरळ जातो, आणि दोन महिन्यांत तेथें दुसरी, खरी वाट पडते. वळणास कारण मात्र असावें. अंगणांत बहावा असेल, जुनी विहीर असेल, तुळशीवृंदावन असेल, तर वाट त्याला मान देऊन वळावी, आणि तेथेंच तो थांबण्याचा मोठा दगड यावा. शेवाळाच्या जागीं दगडांमध्यें हरळी लावावी. ती उन्हाळ्यांत पिवळी पडते, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हां उठते. पिवळी पडली म्हणून खंत करूं नये. ऋतु जसा असेल तसा वाटेवर दिसावा, ही तर त्या बागेची मुख्य शिकवण. दगडी कुंडीच्या जागीं ओसरीच्या पायरीशीं पाय धुण्याचा दगड आणि पाण्याचा तांब्या असावा. तो मराठी घरांत पूर्वीं होताच. नळ आले आणि तो नाहींसा झाला.

रिक्यूची एक आख्यायिका ओकाकुरा काकुझो यानें १९०६ सालच्या आपल्या चहावरील इंग्रजी पुस्तकांत सांगितली आहे. मुलानें वाट तीनदां झाडली, दगड धुतले, एक काडी राहूं दिली नाहीं. तरी रिक्यूचें समाधान होईना. शेवटीं तो स्वतः बागेंत गेला आणि त्यानें एक झाड हालवलें. शरदांतील रंगीत पानें वाटेवर पसरलीं, तेव्हां वाट स्वच्छ झाली असें त्यानें मानलें. ही गोष्ट सांगणारा ओकाकुरा १९०२ सालीं भारतांत होता, आणि कलकत्त्यास ठाकूर घराण्याशीं त्याचा स्नेह जुळला होता. फाल्गुनांत यवतमाळच्या कडुलिंबाखालीं पिवळ्या पानांचा जो सडा पडतो, त्याचा कचरा म्हणून तिरस्कार करणाऱ्या घरानें ही आख्यायिका एकदां वाचावी.

पाहुणा येण्यापूर्वीं जपानी यजमान वाटेवर पाणी शिंपडतो. धूळ बसते, दगड काळे दिसूं लागतात, आणि आपली वाट पाहिली जात आहे हें पाहुण्यास न सांगतां कळतें. यवतमाळच्या जुन्या घरांतूनही पहाटे अंगण झाडून सडा घालीत, आणि अजूनही पुष्कळ घरीं घालतात. त्याला तांब्या-दोन तांब्ये पाणी पुरतें, आणि दुष्काळांतही तेवढें कोणी नाकारीत नाहीं. ज्या दिवशीं काळ्या धोंड्यांच्या त्या पंधरा पावलांवर असा सडा पडेल, आणि आजी त्यांवरून कोणाचा हात न धरतां फाटकापर्यंत जाऊन परत येईल, त्या दिवशीं ती वाट पुरी झाली असें समजावें.